शोक संपत नाही तेव्हा



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसे जमण्यास बंदी आली. कोविडने मृत्यू झाला तर देह पिशवीत बंद. अंघोळ घालणे नाही, कवटाळणे नाही. चेहरा दाखवलाच तर दुरून. एप्रिल-मे २०२१ मध्ये आपल्या शहरातही कित्येक घरांनी आपली माणसे अशीच, निरोपाविना गमावली. काळाबरोबर पुष्कळ जण सावरले. काही मात्र अजून त्याच दिवसात अडकले आहेत. आजचा पाठ त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शेजाऱ्यांसाठी.

शोक हा आजार नव्हे. संत ऑगस्टीनची आई मोनिका इ. स. ३८७ मध्ये वारली. दफनाच्या वेळी त्याने अश्रू आवरले, मन हलके व्हावे म्हणून स्नान केले. उपयोग झाला नाही. पुढे एकांतात तो रडला, तेव्हाच मोकळा झाला.

याकोबाचे तसे झाले नाही (उत्पत्ती ३७). योसेफाचा देह त्याने पाहिलाच नाही. रक्ताने माखलेला झगा तेवढा हाती आला. मुलांनी परोपरीने समजावले, पण त्याने सांत्वन नाकारले. ज्यांच्या हाती इस्पितळातून फक्त मोबाइल आणि कपड्यांची पिशवी आली, त्यांना याकोब लगेच कळेल. तो अविश्वासू नव्हता. त्याचा शोक अडकला होता.

अशा शोकाला वैद्यकशास्त्र 'दीर्घकालीन शोकविकार' म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या यादीत तो आहे. खुणा अशा: सहा महिन्यांहून अधिक काळ गेलेल्याची तीव्र ओढ, मृत्यू झाला हे मनाला न पटणे, 'मीच वाचवायला हवे होते' ही टोचणी, आणि कामात, माणसांत मन न लागणे. रूढीप्रमाणे शोक पाळणे किंवा वर्षश्राद्धाला, वाढदिवसाला डोळे भरून येणे म्हणजे हा विकार नव्हे.

यावर उपचार आहेत. अमेरिकेत डॉ. कॅथरीन शिअर यांनी सुमारे १६ भेटींची पद्धत घडवली. तीत रुग्ण त्या मृत्यूची हकिगत पुन्हा पुन्हा सांगतो, टाळलेल्या जागी हळूहळू जातो, गेलेल्याशी मनातल्या मनात राहिलेले बोलून घेतो आणि पुढच्या आयुष्यासाठी एखादे छोटे ध्येय ठरवतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नैराश्याच्या गोळीचा उपयोग या उपचाराच्या जोडीने नैराश्यापुरता झाला. शोक सुटला तो बोलण्याने.

म्हणून 'देवाची इच्छा', 'आता पुरे झाले' असे म्हणून कोणाचे तोंड बंद करू नका. नाव घेऊन विचारा, 'त्यांची शेवटची आठवण सांगाल का?' आणि ऐका. राहिलेला निरोप आजही देता येतो: मिस्सा अर्पण करा, कबरीवर सर्वांनी मिळून प्रार्थना करा. प्रभू येशूही लाझारसच्या कबरीपाशी रडला. पुनरुत्थानावरचा विश्वास अश्रूंना मनाई करीत नाही.

प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा असेल, तर संकोच नको. ज्वर आला की आपण औषध घेतोच. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेला १४४१६ वर मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटते असे कोणी म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी मदत मिळवून द्या.

या आठवड्यात अशा एका घरी जाऊन या.

तुमचा धर्मगुरू