पडद्यावरचा डोंगर

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशी ठाकर लोकांच्या लहानलहान वस्त्या आहेत. अशा वस्तीला पुष्कळ ठिकाणी ‘ठाकुरवाडी’ असेच नाव असते. मागे डोंगराचा कडा, पुढे भाताची खाचरे आणि उतारावर नाचणी-वरीची शेते, असा त्यांचा थाट. अशाच एका ठाकुरवाडीजवळच्या शाळेत मी काही वर्षे शिक्षक होतो. शाळेत वाडीतील मुले येत, तशीच आसपासच्या मोठ्या गावांतीलही येत. तेथे घडलेली एक गोष्ट आज तुम्हांस सांगावयाची आहे.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या रात्री मुलांना एक चित्रपट दाखवावयाचे ठरले. पडद्यासाठी पांढरी चादर होती. यंत्र कर्जतहून भाड्याने येणार होते. वेळ मात्र एकाच चित्रपटापुरता होता. कोणता दाखवावा? मी वर्गात म्हणालो, “मुलांनो, निवड तुम्हीच करा. अट एकच. ‘मला आवडला’ एवढे सांगून भागणार नाही. का आवडला, तेही सांगितले पाहिजे.”

झाले! वर्गाची जणू चावडीच बनली.

पहिला मुलगा उठला तो छाती पुढे काढूनच. “गुरुजी, ‘जोधा अकबर’ आणा. त्यातला आग्र्याचा किल्ला आपल्याकडे उभा केला होता. माझे काका तिथं रंगकामाला होते.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. चौक-कर्जत रस्त्यालगत कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 साली एक मोठा स्टुडिओ उभारला होता. 2008 साली प्रदर्शित झालेल्या ‘जोधा अकबर’साठी तेथे आग्र्याच्या किल्ल्याची भव्य प्रतिकृती रचली गेली. डोळ्यांना जो दगड वाटतो, तो असा नेपथ्यात पुष्कळदा लाकूड आणि प्लास्टर यांतून घडविलेला असतो.

“पण किल्ला मोठा म्हणून चित्रपट मोठा कसा?” पुढच्या बाकावरील एका मुलीने विचारले. “मोठ्या हंड्यात शिजवला म्हणून भात चांगला होतो का?” सारा वर्ग हसला. मुलगा मात्र डगमगला नाही. तो म्हणाला, “भात चांगला व्हायला हंडाही लागतोच की!”

मला दोघांचेही उत्तर आवडले. चित्रपट ही एकट्याची कला नव्हे. लेखक, दिग्दर्शक, नट, छायाचित्रकार, संगीतकार, सुतार, शिंपी, रंगारी असे शेकडो हात त्यात राबतात. त्या हातांचा मान राखला पाहिजे. पण भव्यता हे एक साधन आहे. ज्या साधनाने काही साधले नाही, ते कितीही मोठे असले तरी त्याचा उपयोग काय?

आता ती मुलगी स्वतःची निवड सांगू लागली. “‘श्यामची आई’ दाखवा. तो पाहताना मी रडले.”

लगेच मागून आवाज आला, “रडवणारा तो चांगला, असं असेल तर कांदा चिरणारी माझी आजी सगळ्यांत मोठी दिग्दर्शक!”

पुन्हा हशा पिकला. मुलीचे तोंड लालबुंद झाले. मी तिला म्हणालो, “बाळ, रागावू नकोस. तू का रडलीस, त्याचा शोध घे.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूहळू म्हणाली, “श्याम पोहायला भितो, तेव्हा आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. मला आधी तिचा राग आला. मग कळलं, तिला मारताना त्याच्याहून जास्त लागत होतं. माझी आईही मला ओरडते. त्या दिवसापासून मी तिच्या तोंडाकडं नीट बघते.”

आता कोणी हसले नाही. कांद्याने येणारे पाणी आणि हे पाणी यांतील भेद सर्वांच्या ध्यानात आला होता. कांद्याचे पाणी डोळे पुसले की संपते. या पाण्याने मात्र मुलीची नजरच बदलली होती.

साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ हा चित्रपट 1953 साली काढला. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. उत्कृष्ट भारतीय चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देण्याची प्रथा 1954 साली सुरू झाली आणि ते पहिले पदक याच चित्रपटाला मिळाले.

हे ऐकताच एक हुशार विद्यार्थी म्हणाला, “मग भांडण कशाला? ज्याला पदक मिळालं, तो थोर!”

मी म्हणालो, “पदकाचा मान मोठाच. पण हिशेब करून पाहा. भारतातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा हा सन्मान यानंतर एखाद्या मराठी चित्रपटाला थेट 2004 साली मिळाला. तो चित्रपट म्हणजे संदीप सावंत यांचा ‘श्वास’. आजारी नातवाची दृष्टी शस्त्रक्रियेत जाणार, हे कळल्यावर आजोबा त्याला त्याआधी हे जग डोळे भरून दाखवू पाहतात, अशी त्याची कथा आहे. या दोन सन्मानांच्या मध्ये 50 वर्षे गेली. त्या 50 वर्षांत मराठीत एकही मोलाचा चित्रपट झाला नाही, असे म्हणावयाचे का?”

विद्यार्थी विचारात पडला. पदक म्हणजे रस्त्यावरील फलकासारखे असते. फलक गावाची दिशा दाखवितो; पण फलक म्हणजे गाव नव्हे. गावात आपले आपण जावे लागते.

इतका वेळ शेवटच्या बाकावर एक मुलगा खाली मान घालून बसला होता. तो ठाकुरवाडीचा. कोणी त्याला गाव विचारले, तर तो वाडीचे नाव न सांगता शेजारच्या मोठ्या गावाचे नाव सांगे. तो उभा राहिला आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, “गुरुजी, माझा आजा एका पिक्चरची गोष्ट सांगतो. ‘जैत रे जैत’. त्यात आमची माणसं हायेत.”

“त्यात काय बघायचं?” एक जण ओरडला. “वाडी तर आपण रोजच बघतो! पडद्यावर परत तोच डोंगर आणि तीच माणसं?”

मुलगा चटकन खाली बसला. पण त्या ओरडणाऱ्या मुलाने, नकळत का होईना, मोठाच प्रश्न विचारला होता. जे रोज दिसते, ते पडद्यावर कशासाठी पाहावयाचे?

त्याचे उत्तर म्हणून मी मुलांना दादासाहेब फाळके यांची हकीकत सांगितली. 3 मे 1913 रोजी मुंबईतील गिरगावात कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि भारतीय चित्रपटाचा पाया घातला गेला. पण त्याआधी दादासाहेबांनी एक लहानसा प्रयोग केला होता. या नव्या कलेवर लोकांचा विश्वास बसावा आणि भांडवल मिळावे, म्हणून त्यांनी वाटाणा पेरला आणि त्यातून उगवणाऱ्या रोपाचे चित्रण दिवसांमागून दिवस थोडे थोडे केले. मग ते सलग दाखविले. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कोंब फुटला, पाने उलगडली आणि रोप वर चढले!

“वाटाण्याचे रोप त्या लोकांनी कधी पाहिले नव्हते काय?” मी विचारले. “शेकडो वेळा पाहिले असेल. पण ते वाढताना कोणी पाहिले होते? जे डोळ्यांसमोर असून दिसत नाही, ते दाखविणे, ही या कलेची खरी शक्ती आहे.”

वर्ग शांत झाला. मग मुलांनी मते दिली. ‘जैत रे जैत’ला दोन मते अधिक पडली.

हा चित्रपट डॉ. जब्बार पटेल यांनी 1977 साली दिग्दर्शित केला. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांमुळे तो घरोघरी पोहोचला. मोहन आगाशे यांनी नाग्याची आणि स्मिता पाटील यांनी चिंधीची भूमिका केली आहे. नाग्या हा ठाकर भगताचा मुलगा, ढोल वाजविण्यात तरबेज. लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशीच्या दंशाने त्याचा एक डोळा जातो. ज्या डोंगराला देव मानले, त्यानेच आपल्याला असे का करावे, या प्रश्नाने तो पेटून उठतो आणि तेथील मधमाश्यांची पोळी नष्ट करण्याचा पण करतो. चिंधी त्याला साथ देते. पण शेवटी पण पुरा होतो, तेव्हा चिंधी या जगात राहिलेली नसते. ‘जैत’ म्हणजे जय. या जयाचे मोल असे जबर आहे.

स्नेहसंमेलनाची रात्र उजाडली. शाळेच्या भिंतीवर चादर ताणली होती. वाडीतील बायामाणसे पोरांना काखेला मारून आली. मागच्या बाजूला घोंगडी पांघरून काही म्हातारे बसले. पडद्यावर ढोल घुमू लागला, तशी त्यांची बोटे गुडघ्यांवर ताल धरू लागली. चित्रपट संपला, तरी बराच वेळ कोणी उठले नाही.

मी त्या मुलाच्या आजाजवळ गेलो. “बाबा, कसा वाटला?” मी विचारले. ते जरा हसून म्हणाले, “गुरुजी, गानी लई हायेत. आमी काय उठता-बसता येवढं गात न्हाई.” मग कड्याच्या काळ्या रेषेकडे पाहत ते म्हणाले, “पन डोंगरावर मानूस रागावतो कसा, ते बराबर दावलंय. ज्याच्या जीवावर जगायचं, त्याच्यावरच रागवायचं. ते सोपं न्हाई.”

मी पुष्कळ परीक्षणे वाचली आहेत. पण इतक्या थोड्या शब्दांत दोष आणि गुण दोन्ही सांगणारे परीक्षण क्वचितच पाहिले. चित्रपट शहरातील कलावंतांनी केला होता. तो आपल्या माणसांवर आहे म्हणून या वृद्धाने त्याची खोटी स्तुती केली नाही. बाहेरच्यांनी केला म्हणून तो झिडकारलाही नाही. त्यांनी आपल्या जगण्याच्या कसोटीवर तो घासून पाहिला आणि जेथे खरा उतरला, तेथे खरा म्हटले.

दुसऱ्या दिवशी वर्गात नवाच वाद रंगला. नाव ‘जैत’, पण जय कोणाचा झाला? नाग्याचा, डोंगराचा की कोणाचाच नाही? ज्याने आदल्या दिवशी “तोच डोंगर” म्हणून थट्टा केली होती, तोच आता सर्वांत मोठ्याने भांडत होता. वाद तोडण्यासाठी तो शेवटच्या बाकाकडे वळून म्हणाला, “तू सांग. तुमच्यात पोळं कसं काढतात?”

शेवटच्या बाकावरील मुलगा उठला. या वेळी त्याची मान खाली नव्हती. “आमच्या वाडीत,” अशी त्याने सुरुवात केली आणि कडेकपारीतील आग्या मोहोळाला धूर कसा देतात, दोर कोण धरतो, हे तो सांगू लागला. ‘आमच्या वाडीत’ हे शब्द त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकले.

किल्ल्याचा कैवारी मात्र अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिला. “गुरुजी, मला अजून किल्लाच आवडतो,” तो म्हणाला, “पण आता का ते सांगता येतं. त्याच्या भिंतीत मला काकांचा हात दिसतो.” मी त्याला शाबासकी दिली. सर्वांची आवड एकच असावी, असा आग्रह कोणी धरू नये. आवड ही ज्याची त्याची असते. पण आवडीला कारण जोडता आले, म्हणजे ती आवड राहूनही विचार बनते आणि विचारावर दुसऱ्याशी बोलता येते.

मुलांनो, तुम्हीही चित्रपट पाहता आणि त्यांवरून मित्रांशी वाद घालता. जरूर घाला. मात्र पडदा रिकामा झाल्यावर स्वतःला एवढेच विचारा: हा पाहून घरी जाताना माझी आई, माझा शेजारी, माझा डोंगर मला कालच्याहून अधिक स्पष्ट दिसतो का? उत्तर ‘होय’ असे आले, तर तो चित्रपट तुमच्यापुरता थोर झाला. मग त्याचा किल्ला लाकडाचा असो, की त्याचा पडदा साध्या चादरीचा असो.

अभ्यास

1. ‘फलक म्हणजे गाव नव्हे’ असे लेखकाने कशाविषयी म्हटले आहे? का?
2. कांद्याने येणारे पाणी आणि मुलीच्या डोळ्यांत आलेले पाणी यांत कोणता फरक आहे?
3. दादासाहेब फाळके यांच्या वाटाण्याच्या प्रयोगावरून लेखकाने मुलांना काय पटवून दिले?
4. आजांनी चित्रपटातील कोणता दोष आणि कोणता गुण सांगितला?
5. ‘आमच्या वाडीत’ हे शब्द लेखकाला महत्त्वाचे का वाटले?
6. तुम्हांला आवडलेल्या एका चित्रपटाविषयी दहा ओळी लिहा. ‘छान’ आणि ‘मस्त’ हे शब्द वापरू नका; आवडण्याची कारणे द्या.