रकाना आणि प्रोग्राम : मेळ कसा घालावा?

संगणकावर माहितीचा वावर दोन ठिकाणी असतो. एक, ती साठवून ठेवणारा डेटाबेस. दुसरे, तिच्यावर काम करणारा प्रोग्राम. डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार आधीच ठरवावा लागतो : पूर्णांक, दशांश, मजकूर, तारीख. प्रोग्रामच्या भाषेतही असे प्रकार असतात. पण ही दोन्ही मंडळी सख्खी भावंडे नव्हेत, फार तर चुलत. त्यांचा मेळ कसा घालावा, हे जावा ही भाषा उदाहरणादाखल घेऊन पाहू.

कला शाखेच्या वाचकाला हा विषय परका वाटेल. पण भाषांतर करताना आपणही हेच करतो. मराठीतील 'आपण' आणि 'आम्ही' हे दोन्ही शब्द हिंदीत नेले की 'हम' होतात. परत मराठीत आणताना मूळ शब्द कोणता होता, हे कळायला मार्ग उरत नाही. रकान्यातून प्रोग्राममध्ये जाताना माहितीचे असेच होऊ शकते.

प्रथम पूर्णांक घेऊ. डेटाबेसमधील 'इन्टिजर' आणि जावातील 'इंट' हे दोघे सहसा ३२ बिटांचे असतात. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. आपला मोबाईल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो व दहा अंकी असतो. म्हणजे तो यात मावतच नाही. ६४ बिटांच्या 'बिगइंट' रकान्यात व जावातील 'लाँग'मध्ये तो मावेल खरा; पण मोबाईल क्रमांकांची बेरीज कोणी करते काय? पुण्याचा ०२० हा दूरध्वनी संकेतांक संख्या म्हणून ठेवला, तर पुढचे शून्य गळून २० उरते. सबब, ज्याचे गणित करायचे नाही ते अंकी दिसले तरी मजकूर म्हणूनच ठेवावे.

दुसरी गोष्ट पैशाची. एकास तीनने भागले की ०.३३३ हे कधी संपत नाही, तसाच ०.१ हा दशांश संगणकाच्या द्विमान पद्धतीत कधी संपत नाही. त्यामुळे जावातील 'डबल' प्रकारात दहा पैसे, म्हणजे ०.१ रुपया, दहा वेळा मिळवले तर उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. यासाठी डेटाबेसमध्ये 'डेसिमल' व जावात 'बिगडेसिमल' ही जोडी वापरावी. रकाना अचूक ठेवून प्रोग्राममध्ये 'डबल' वापरला, तर घराला कुलूप आणि खिडकी उघडी अशी गत होते.

तिसरे, नाव. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्या कानाला चार अक्षरांचे. युनिकोडमध्ये मात्र व्यंजन, हलंत व स्वरचिन्हे वेगळी मोजून त्याची १० चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने ३० बाइट लागतात. काही डेटाबेस रकान्याची लांबी चिन्हांत मोजतात. ऑरेकल मात्र, वेगळे सांगितले नाही तर, बाइटमध्ये मोजतो. तेथे २० लांबीचा रकाना इंग्रजी नावाला ऐसपैस आणि आपल्या ज्ञानेश्वरला तोकडा.

चौथी बाब सूक्ष्म आहे. डेटाबेसमध्ये 'नल' म्हणजे 'माहिती नाही'. परीक्षेला गैरहजर असलेल्याचे गुण 'नल' आणि कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्याचे गुण शून्य. जावातील 'इंट'ला 'नल' ठाऊक नाही. 'गेटइंट'ने असा रकाना वाचला तर ० हाती येतो. लगेच 'वॉजनल' विचारले तरच खरे कळते. नाहीतर आजारी मुलगा नापास ठरतो! त्याऐवजी 'इन्टिजर' हा वस्तुरूप प्रकार वापरला, तर तो 'नल' सांभाळू शकतो.

शेवटी तारीख. माझ्या वडिलांचा जन्मदिनांक सगळ्या कागदांवर १ जून आहे. आजी सांगते, ते ऐन थंडीत जन्मले. शाळेत नाव घालताना वर्ष अंदाजाने आणि दिवस १ जून, अशी नोंद खेड्यापाड्यांतील असंख्य लोकांची झाली आहे. 'डेट' या प्रकाराला दिवस, महिना, वर्ष तिन्ही लागतात. 'फक्त वर्ष माहीत आहे' हे त्याला सांगता येत नाही. म्हणून खोटा दिवस भरला जातो आणि पुढे तोच खरा ठरतो. यावर उपाय आहे : वर्षाचा रकाना निराळा, पूर्णांकाचा ठेवावा; महिना व दिवस 'नल' राहू द्यावेत. जावात 'इयर' नावाचा प्रकारही आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरातले, शेजारचे अर्ज भरायला माझ्याकडे येतात. अर्जाचा रकाना तोकडा निघाला की माणूस आपलेच नाव कापतो, रकान्याला दोष देत नाही. आपल्यापैकी काहीजण उद्या कार्यालयांत बसतील, असे अर्ज तयार करवून घेतील. त्या वेळी रकाना ठरवण्यापूर्वी त्यात कोणाची माहिती बसायची आहे, एवढे एकदा विचारावे.