मळणीयंत्राच्या फिरत्या भागांपासून संरक्षण

रब्बी पिकांची सोंगणी आटोपली की खळ्याखळ्यांवर मळणीयंत्रे सुरू होतात. तिवड्याभोवती बैलांची पात फिरवून जे काम कित्येक दिवस चालत असे, ते आता काही तासांत उरकते. परंतु याच दिवसांत हात व बोटे गमावण्याचे अपघातही घडतात. अपघात झाला की ‘मजूर बेसावध होता’ असे म्हणून विषय संपविला जातो. हे निदान अपुरे होय. उघड्या फिरत्या भागापुढे सावधपणा किती तोकडा पडतो, हे साध्या हिशेबाने कळून येते.

ट्रॅक्टरच्या मागील ज्या दांड्यावर (पी.टी.ओ.) मळणीयंत्र चालते, तो सामान्यतः मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो. दांडा 7 सें.मी. जाडीचा धरल्यास त्याचा घेर सुमारे 22 सें.मी. होतो. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ 2 मीटर कापड त्यावर गुंडाळले जाऊ शकते. पदर अडकल्याचे ध्यानात येऊन मनुष्य मागे सरण्यास अर्धा सेकंद जरी लागला, तरी तेवढ्यात मीटरभर पदर आत गेलेला असतो. दांडा गुळगुळीत आहे, तो काय ओढणार, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. कापडाचा एक वेढा बसला की पुढचे वेढे त्यास आवळीतच जातात. शिवाय गंज, चिखल वा बोल्टाचे डोके पहिली पकड घेण्यास पुरेसे होते. म्हणून या दांड्यावर संपूर्ण लांबीचे आवरण असल्यावाचून यंत्र सुरू करू देऊ नये. आवरण असले तरीही चालत्या दांड्यावरून ओलांडून जाऊ नये.

पट्ट्याच्या बाबतीत, पट्टा ज्या जागी चाकावर चढतो तेथे तो बोटे आत ओढतो. घसरलेला पट्टा हाताने किंवा पायाने चालत्या चाकावर चढविण्याची सवय कित्येक वाकबगार चालकांना असते. तिला कौशल्य समजू नये.

सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचे ते पीक सारण्याच्या पन्हळीकडे. भारतीय मानकानुसार ती किमान 90 सें.मी. लांब असावी व ड्रमकडील किमान 45 सें.मी. भाग वरून झाकलेला असावा. 45 सें.मी. म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा, आपल्या जुन्या मापाचा एक हात. पन्हळीच्या तोंडाशी कोपर असले तरी बोटे ड्रमला लागू नयेत, असा हा हिशेब आहे. धोकादायक यंत्रांविषयीचा केंद्रीय कायदा 1983 साली झाला व त्यात मळणीयंत्राचा समावेश आहे. पन्हळ हा मालकाच्या मर्जीचा भाग नव्हे.

तरीही ती काढून ठेवलेली आढळते, आणि त्याचे कारण बहुधा ओले पीक हे असते. ओलसर काड ड्रमला गुंडाळते, पन्हळीत तुंबते, आणि मजूर ते हाताने आत रेटू लागतो. वास्तविक उपाय उन्हात आहे. पेंढ्या आणखी एक-दोन दिवस वाळू द्याव्यात. भाड्याचे यंत्र पुढच्या गावी जाणार म्हणून ओल्या पिकाची मळणी उरकून घेऊ नये. आखूड काड्या सारण्यास लाकडी दाताळे वापरावे. सारणाऱ्याने हातातील कडे, बांगड्या काढून ठेवाव्यात, सैल बाह्यांचा सदरा घालू नये, पदर घट्ट खोचावा. पोत्यांच्या डळमळीत थरावर उभे राहू नये. रात्रपाळीत थकलेला मजूर तर मुळीच सारण्यास लावू नये.

इंजिन बंद केले तरी जड चाकामुळे ड्रम काही वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहून मगच अडकलेले काड काढावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मळणीपूर्वीच गावात येणाऱ्या प्रत्येक यंत्राची आवरणे व पन्हळ प्रत्यक्ष पाहावी, आणि इंजिन तत्काळ बंद कसे करावे हे खळ्यावरील निदान दोघांना शिकवावे.

इतके करूनही कोणाचा हात सापडलाच, तर प्रथम यंत्र बंद करावे. हात हिसकून ओढू नये. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवून जखमीबरोबरच रुग्णालयात न्यावी. बोट थेट बर्फात ठेवल्यास ते पुन्हा जोडण्याजोगे राहत नाही.