शून्य कुठं लिहिलंस?

हे बघ बाळा, आपल्या राहात्यात पेरूची कॅरेटं काट्यावर चढताना जिनं बघितलीत, तिला लूप नव्यानं शिकवायला नको. कॅरेट ठेवलं, वजन झालं, वहीत चढलं, पुढचं आण. फॉर लूप तो एवढाच.

घोळ होतो शून्यापाशी. ‘एकूण = 0’ ही ओळ लूपच्या वर, बाहेर. आत लिहिलीस तर दर कॅरेटला वही कोरी होते. पायथन यावर चकार शब्द काढत नाही, म्हणून ही चूक जास्त वाईट. मी हिच्यापायी एक आख्खी रात्र जागलोय, तेव्हा हसू नकोस.

आता फंक्शन. तो आडतीचा गाळा समज. आतल्या वहीतली नावं आतच राहतात. बाहेरच्या फळ्यावरचा भाव आतून वाचता येतो, पण आत ‘एकूण = एकूण + वजन’ लिहिलंस की अनबाउंडलोकलएरर. फंक्शनात एखाद्या नावाला कुठंही बरोबरचं चिन्ह लावलं, की ते नाव त्या गाळ्याचं होतं. आणि तिथं तर त्यात अजून काहीच ठेवलेलं नाही. पोरं मग ‘ग्लोबल’ लिहून मोकळी होतात. मला ते पटत नाही. दहा गाळ्यांनी एकाच फळ्यावर खडू चालवला, तर भांडायचं कुणाशी? वजनं फंक्शनच्या हातात दे, बेरीज रिटर्ननं घे.

लूपला मात्र पायथनमध्ये स्वतःचं कुंपण नाही. लूप संपला तरी त्यातल्या ‘वजन’ या नावात शेवटच्या कॅरेटचं वजन तसंच असतं. जावात लूपच्या कंसात जाहीर केलेलं नाव लूपबरोबरच जातं. जावा शिकशील तेव्हा इथं ठेच लागेल.

फॉर म्हणजे शेजपाळी, यादीतल्या प्रत्येकाची पाळी एकदा. व्हाइल म्हणजे कालव्याला पाणी आहे तोवर. त्यात मोजणी वाढवायची ओळ विसरलीस तर पाणी आटतच नाही, कंट्रोल-सी दाब. आणि फॉरला आकडे द्यायला रेंज(1, 10) लिहिलंस, तर ते नऊवरच थांबतं.

किडका पेरू लूप चालू असताना यादीतून काढू नकोस. मागचे पुढं सरकतात आणि त्याच्या शेजारचा न तपासताच निसटतो. चांगल्यांची नवी यादी कर.

आज कागदावर तीन कॅरेटं मांड: 20, 22, 19. एकेक ओळ बोटानं चालव. उत्तर 61 यायला हवं. 19 आलं, तर शून्य आत राहिलंय.