कंप कोठून येतो?

'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. यंत्रांच्या बाबतीत तर तिचा प्रत्यय पदोपदी येतो. यंत्राला वाचा नाही. ते केवळ थरथरते, गुरगुरते किंवा तापते. एवढ्याच खुणांवरून दोषाचे नेमके स्थान शोधावयाचे असते. या शोधाला लागणारे गणित व पदार्थविज्ञान शाळेच्या पुस्तकांतलेच आहे, हे एका उदाहरणाने दाखवावे, असा आमचा हेतू आहे.

अमेरिकेत पिकअप नावाची मोटार फार लोकप्रिय आहे. पुढे चालकाची बंदिस्त खोली आणि मागे सामानासाठी उघडा हौदा, असे तिचे स्वरूप असते. खडकाळ व चिखलाच्या वाटांवर ती अडू नये, म्हणून तेथील कित्येक हौशी मालक तिचा सांगाडा आसांपासून काही इंच उंच करून घेतात आणि तिला मोठे टायर बसवितात. (आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने अशा फेरबदलांवर निर्बंध घातलेले आहेत.) समजा, अशी एक गाडी 4 इंच उंच केली आणि 31 इंच व्यासाच्या टायरांऐवजी 33 इंचांचे बसविले. नंतर ताशी 60 मैलांच्या सुमारास ती थरथरू लागली. दोष टायरांचा, की उंचीचा? दोन्ही बदल एकाच वेळी झालेले असल्यामुळे गुंता वाढला आहे. भलताच भाग बदलला तर पैसा व्यर्थ जातोच; परंतु खरा दोष तसाच राहून एखादा सांधा तुटला, तर चाकांना फिरविणारा दांडा भर वेगात रस्त्यावर आपटण्याचा धोका असतो.

सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न असा: कंप गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, की इंजिनाच्या वेगाबरोबर? मोकळ्या, सपाट रस्त्यावर जाणत्या चालकाने कंपाच्या वेगाला पोहोचून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा व गाडी आपल्या गतीने धावू द्यावी. इंजिन मात्र बंद करू नये. कारण तसे केल्यास स्टिअरिंग व ब्रेक यांना मिळणारे यांत्रिक साहाय्य थांबते. इंजिनाचा वेग उतरूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष मानण्यास हरकत नाही. एका प्रश्नासरशी संशयितांपैकी निम्मे सुटले!

उरले दोघे: चाके, आणि गिअरबॉक्सची गती मागच्या आसाकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट. यांना वेगळे ओळखण्यासाठी थोडे गणित करू. 33 इंच व्यासाच्या टायरचा परीघ सुमारे 103.7 इंच, म्हणजे 8.64 फूट होतो. ताशी 60 मैल म्हणजे सेकंदाला 88 फूट. भागाकार केला असता चाक सेकंदाला सुमारे 10 फेरे घेते, असे दिसते. मागच्या आसावरील दातेरी चक्रांचे गुणोत्तर 3.73 असेल, तर शाफ्ट त्याच वेळात 38 फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष सेकंदाला दहा धक्के देतो. ते अंगाला वेगवेगळे जाणवतात आणि आसन किंवा स्टिअरिंग हलते. शाफ्टचा कंप मात्र घुमणाऱ्या आवाजासारखा पायांखालच्या पत्र्यातून येतो. येथे एक सावधगिरी हवी. वेगदर्शक काटा चाकांचे फेरे मोजतो. टायर मोठे झाले तरी त्याला त्याची वार्ता नसते. दुरुस्ती न केलेला काटा 60 दाखवीत असताना ही गाडी प्रत्यक्षात 64 मैलांच्या वेगाने धावत असते.

आता चाकांचा विचार करू. सायकल उलटी ठेवून पुढचे चाक हलकेच फिरवावे. थांबताना चाकाची जड बाजू आपोआप खाली येते. असाच असमतोल मोटारीच्या चाकात असला, तर काय होते? मध्यापासून 20 सेंटिमीटर अंतरावर 30 ग्रॅम वजन अधिक आहे, असे धरा. सेकंदाला दहा फेरे होत असताना त्याची बाहेरची ओढ सुमारे अडीच किलोग्रॅम वजनाइतकी होते, आणि तिची दिशा प्रत्येक फेऱ्यात एकदा पालटून पूर्ववत होते. वेग दुप्पट झाला, तर ओढ चौपट होते. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेले लहान झोके त्याला उंच नेतात. त्याप्रमाणे या धक्क्यांची लय आसाच्या स्वाभाविक लयीशी जुळली, की एका विशिष्ट वेगालाच थरथर वाढते.

म्हणून प्रथम चाकाच्या आतला चिखल काढावा, हवेचा दाब पाहावा, चाक गोल व सरळ फिरते की नाही ते तपासावे, मग समतोल करून घ्यावा. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर पुढच्या चाकांचा, आणि आसनात जाणवत असेल तर मागच्या चाकांचा संशय बळावतो. पुढची चाके मागे व मागची पुढे बसविल्यावर थरथरही जागा बदलत असेल, तर दोषी चाकच होय.

तसे न घडल्यास शाफ्टकडे वळावे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे असतात. सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नावावरून या सांध्याला हूकचा सांधा म्हणतात. हा सांधा वाकलेल्या स्थितीतही गती पुढे नेतो. परंतु त्याचा एक विलक्षण गुण आहे. एका बाजूचा दांडा अगदी एकसारखा फिरत असला, तरी दुसऱ्या बाजूचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद होतो. मिनिटाला 2280 फेरे असताना सांध्यात 7 अंशांचा कोन असेल, तर दुसऱ्या बाजूचा वेग 2263 व 2297 यांच्या दरम्यान हेलकावे घेतो. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या टोकाचा सांधा. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे आणि त्यांची बसण्याची दिशा जुळती असेल, तर पहिल्याने निर्माण केलेली विषमता दुसरा नाहीशी करतो.

गाडी उंच केली, की गिअरबॉक्स वर जातो आणि मागचा आस मात्र खालीच राहतो. शाफ्ट 50 इंच लांब असेल, तर 4 इंच उंचीमुळे त्याचा उतार सुमारे साडेचार अंशांनी वाढतो. कोन वाढले तरी ते सारखे आहेत का, हे मोजून पाहणे आवश्यक असते. गाडी सपाट जागी तिच्या चाकांवर उभी असावी, इंजिन बंद असावे, चाकांना उटी लावलेली असावी. साधा कोनमापक व दोऱ्याचा ओळंबा यांनीही ढोबळ मोजणी करता येते. समजा, मागच्या बाजूस गिअरबॉक्सचा उतार 4 अंश, शाफ्टचा 11 अंश आणि आसाच्या पेटीत शिरणाऱ्या दांड्याचा 4 अंश आहे. वजाबाकी केल्यास दोन्ही सांध्यांत 7 अंश मिळतात. ही जोडी जुळलेली आहे. परंतु कमानपाट्यांखाली पाचर घालून आसाचे नाक 5 अंशांनी वर उचलले, तर शेवटचा उतार 9 होतो. पुढे 7 आणि मागे 2 अंश उरतात. विषमता नाहीशी होत नाही आणि शाफ्ट घुमू लागतो. उलट, ज्या शाफ्टच्या पुढच्या टोकाला जोडसांधा, म्हणजे दोन क्रॉस एकत्र असतात, त्या गाडीत आसाचे नाक जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत हवे असते. तेथे तीच पाचर उपकारक ठरते. एकाच औषधाने एक रोगी बरा व्हावा आणि दुसरा आजारी पडावा, तसा हा प्रकार आहे.

आणखी एक खूण उपयोगी पडते. वेग वाढविण्यासाठी पाय दाबला, की आसाचे नाक किंचित वर उचलले जाते. पाय काढताच ते खाली येते. म्हणून दाबताना उमटणारा आणि सोडताच नाहीसा होणारा कंप सांध्यांच्या कोनांकडे बोट दाखवितो. असमतोल चाकाला मात्र पाय दाबला काय नि सोडला काय, फारसा फरक पडत नाही.

विद्यार्थिमित्रांनी या सर्व विवेचनातून दोन नियम ध्यानात ठेवावेत. प्रत्येक परीक्षा अशी निवडावी, की तिच्या उत्तराने संशयितांची संख्या घटेल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून, पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पाहून, आढळले ते वहीत लिहून ठेवावे. दोन भाग एकदम बदलून कंप थांबला, तर गाडी सुधारेल. परंतु ती का सुधारली हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी सारा शोध पुन्हा पहिल्यापासून आरंभावा लागेल.