रोटर बदलायची घाई करू नकोस

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागेना. आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून डेन्व्हरकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थडथडतं, मागे कॅम्पर, मागच्या सीटवर पोरं. आणि गॅरेजवाला म्हणतोय, रोटर वाकलेत, नवे टाका. तेही वर्षात दुसऱ्यांदा! पैसे भरण्याआधी माझं ऐक गं. मी यातून गेलेय.

आम्ही तुझ्यासारखीच एफ-२५० घेतली तेव्हा आम्हीही दोनदा रोटर बदलले. दर वेळी चार-पाच महिने गाडी छान चालायची, मग पुन्हा तीच थरथर. तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने चाक काढलं, रोटर ओढून बाजूला ठेवला आणि मला जवळ बोलावलं. रोटर ज्यावर टेकतो ती हबची सपाट बाजू मी नखाने खरवडली, तर तांबूस पापुद्रे सुटून आले. आमचे कोरे करकरीत रोटर दोन्ही वेळा त्या गंजावरच बसवले होते.

असा एखादा पापुद्रा मधे आला की रोटर किंचित तिरका बसतो. किती, तर इंचाचे दोन-तीन हजारांश. डोळ्यांना काही दिसत नाही. पण ब्रेक लावलेला नसतानाही दर फेरीला त्याची एकच बाजू पॅडला घासत जाते. हजारो मैल असं घासलं की तेवढी जागा पातळ होते, आणि जाडीत इंचाच्या एका हजारांशाचा फरक पडला तरी तो पायाला कळतो. म्हणून सुरुवातीला सगळं ठीक आणि काही महिन्यांनी पुन्हा रड. त्याला ‘वाकला’ म्हणायची सगळ्यांना सवय लागलीय. खरोखर वाकलेला रोटर क्वचितच असतो.

दुसरं कारण उष्णतेचं. डोशाचं पीठ तव्यावर एका जागी करपलं की पुढचा प्रत्येक डोसा तिथेच धरतो ना, तसंच. उतारावर ब्रेक रसरशीत तापले आणि खाली सिग्नलला तू पाय दाबून तशीच उभी राहिलीस, तर पॅडचा थर रोटरवर एका जागी चिकटतो. तिथे ब्रेक जास्त पकडतो, ती जागा आणखी तापते. साधारण ६५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की बिडाच्या लोखंडात कडक गाठी तयार होतात. निळसर डाग दिसतात, ते तेच. असा रोटर लेथवर नुसता वरवर सोलून आणू नकोस, गाठ आत राहते आणि डाग परत वर येतो. तेवढा रोटर मात्र खरंच बदल.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. तुझ्या कॅम्परचे ब्रेक काम करतायत का? ट्रक सात हजार पाउंडांचा, कॅम्पर तेवढाच. बोगद्यापासून डेन्व्हरपर्यंत साधारण ६० मैलांत ५,७०० फूट खाली यायचं, आणि कॅम्परच्या ब्रेकचा कंट्रोलर कमीवर ठेवला असेल तर ते सगळं ओझं एकटा ट्रक अडवतोय. मग रोटर तापणार नाहीत तर काय! मोकळ्या सपाट जागेवर ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वेगात चालव, पेडलला हात न लावता… म्हणजे पाय न लावता, कंट्रोलरचा हाताचा खटका दाब. कॅम्परने गाडीला मागून स्पष्ट ओढून धरलं पाहिजे. चाकं लॉक होण्याच्या किंचित अलीकडे तो आकडा ठेवायचा.

आणि घाटात टो-हॉल मोड लाव, डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेकही लाव. खंडाळ्याच्या घाटात बाबा काय म्हणायचे आठवतं? ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरायचा. इथेही तेच खरं आहे. वेग वाढला की एकदा नीट दाबून कमी करायचा आणि पाय पूर्ण सोडायचा. हलका हलका दाबून धरायचा नाही.

गॅरेजमध्ये जाशील तेव्हा भिऊ नकोस, बाई आहे म्हणून कोणी घाईत गुंडाळायला लागलं तर तिथेच उभी राहा. हब तारेच्या ब्रशने घासून दाखवा म्हण. रोटर बसवल्यावर डायलचा काटा लावून किती डुलतो ते बघू द्या म्हण, ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने हलतात का तेही बघ, एक जरी अडकली तरी ते चाक एकटंच तापतं. आणि हवेच्या गनने आठही नट धाडधाड आवळू देऊ नकोस. समोरासमोरचे नट आळीपाळीने, टॉर्क रेंचने. आपल्या गाडीला १६५ फूट-पाउंड. शंभर मैलांच्या आत पुन्हा एकदा तपासायचे.

स्टिअरिंग थडथडतंय म्हणजे दोष बहुधा पुढच्या चाकांत आहे. सीटखाली जाणवलं असतं तर मागचे बघितले असते. म्हणजे चारही रोटरांचे पैसे तर नक्कीच आत्ता देऊ नकोस.

शनिवारी सकाळी आमच्याकडे ये. टॉर्क रेंच आहे, डायलही आहे, चहा झाला की पुढची दोन चाकं काढून बघू. येताना कॅम्पर जोडूनच आण, आधी त्याचे ब्रेक बघायचेत मला.