गस्त

मुलांनो, 'गस्त' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत तुम्ही 'गश्त' म्हणता, मराठीत आम्ही 'गस्त' म्हणतो. मूळ शब्द फारसी. त्याचा अर्थ फिरणे. गस्त म्हटले की रात्रीची वेळ डोळ्यांसमोर येते. दुकाने बंद झाली आहेत, रस्त्यावर कुत्री भुंकत आहेत आणि हातात काठी व बॅटरी घेतलेला पोलीस शिपाई कुलुपे हलवून पाहत चालला आहे. पण सगळ्या चोऱ्या रात्री होत नाहीत. उभ्या असलेल्या मोटारीतून सामान चोरीला जाते ते पुष्कळदा भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या रस्त्यावर.

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. मालेगावात त्यांचे चार यंत्रमाग आहेत. त्यांची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिच्या कॉलेज प्रवेशासाठी बापलेक जुन्या मोटारीतून नाशिकला गेले. अर्ज भरून झाला. मूळ कागदपत्रांची तपासणी तिसऱ्या दिवशी होती. परतताना चाचांनी औषधाच्या दुकानासमोर गाडी उभी केली. मुलगीही पाणी घ्यायला उतरली. "दोन मिनिटांचे तर काम," असे म्हणून मागच्या सीटवरची काळी बॅग त्यांनी तशीच राहू दिली.

ते परत आले, तेव्हा मागच्या दाराची काच खडीसाखरेसारखी सीटवर पसरली होती. बॅग नव्हती.

बॅगेत पैसे नव्हते. तिच्यात बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला होता. चोराच्या दृष्टीने ही रद्दी होती. मुलीच्या दृष्टीने तिचे सारे वर्ष त्या बॅगेत होते. ती रस्त्याच्या कडेला बसून रडू लागली. चाचा तिला एवढेच म्हणाले, "बेटा, चूक माझी आहे."

आता चोराच्या बाजूने विचार करून पाहा. बॅगेत काय आहे हे त्याला ठाऊक नसते. त्याला फक्त बॅग दिसते. काच फोडून बॅग उचलायला त्याला एक मिनिटही लागत नाही. म्हणून गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नका, एवढे सांगून भागत नाही. कोणतीही वस्तू दिसेल अशी ठेवू नये. रिकामी पिशवी, मोबाइलच्या चार्जरची वायर, पाकिटासारखा दिसणारा चष्म्याचा डबाही नको. सामान डिकीत ठेवायचे असेल, तर निघतानाच ठेवावे. कित्येक लोक गाडी उभी केल्यावर डिकी उघडून त्यात बॅग ठेवतात आणि निश्चिंत होतात. पण पाळत ठेवणारा माणूस समोरच्या टपरीवर चहा पीत तेच पाहत असतो.

दुसरी एक युक्ती मोठ्या शहरांत फार चालते. गाडीत माणूस बसलेला असतानाच कोणीतरी काचेवर टकटक करतो. "साहेब, इंजिनातून तेल गळते आहे," असे सांगतो, किंवा "तुमचे पैसे खाली पडले आहेत," म्हणतो. खाली दहा-दहाच्या दोन-चार नोटा खरोखरच पडलेल्या असतात. माणूस उतरतो, वाकतो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचे दार उघडून त्याचा साथीदार बॅग घेऊन जातो. अशी टकटक ऐकू आली, तर आधी सगळी दारे लॉक असल्याची खातरजमा करा.

'खातरजमा' हा शब्द वाचून तुम्ही थांबला असाल. उर्दूत 'खातिर-जमा' म्हणजे मनाचे समाधान, निश्चिंती. मराठीत मात्र खातरजमा करणे म्हणजे स्वतः तपासून खात्री करून घेणे. पोलीस ठाण्यात गेलात, तर असे कितीतरी शब्द तुम्हांला भेटतील. तुमच्या उर्दूत 'गुनाह' म्हणजे पाप. ठाण्यात 'गुन्हा' म्हणजे कायद्याविरुद्धचे कृत्य. तुमची 'फरियाद' म्हणजे दुःखाची हाक. मराठीतील 'फिर्याद' म्हणजे पोलिसांकडे किंवा न्यायालयात केलेली तक्रार, आणि ती करणारा तो फिर्यादी. 'जवाब' म्हणजे उत्तर, पण पोलीस 'जबाब' लिहून घेतात तेव्हा ते तुमचे सांगणे लिहून घेत असतात. हवालदार आणि शिपाई हे तर तुमचेच 'हवालदार' आणि 'सिपाही'. 'पंचनामा' शब्दातील पंच आपल्या मातीतले आणि नामा फारसीतला. मला वाटते, ठाण्यातले मराठी उर्दू शाळेतल्या मुलाला इतरांपेक्षा लवकर समजावे!

चाचा रडणाऱ्या मुलीला घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात गेले. गाडी त्यांनी जागची हलवली नाही आणि काचेला हात लावला नाही, हे चांगले केले. त्यामुळे पोलिसांना जागेवर पंचनामा करता आला. बॅगेतील प्रत्येक कागदाची नोंद त्यांनी फिर्यादीत करून घेतली. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. हा त्याचा हक्क आहे. कागदांची दुसरी प्रत मागायची असेल, तर तीच उपयोगी पडते. चोरी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाली असली, तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते. चोरीचा गुन्हा पूर्वी १८६० च्या भारतीय दंड संहितेखाली नोंदवला जाई. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदवला जातो.

चाचांनी हवालदारांना रागाने विचारले, "तुमची गस्त कुठे होती?"

हा प्रश्न आपल्या सर्वांच्या मनात येतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहराच्या पोलिसांनाही तो पडला होता. १९७२-७३ मध्ये त्यांनी एक प्रयोग केला. शहराच्या एका भागातील पंधरा बीट त्यांनी निवडले. बीट म्हणजे गस्तीसाठी नेमून दिलेला छोटा विभाग. पाच बीटमध्ये नेहमीची गस्त चालू ठेवली. पाच बीटमध्ये गस्तीच्या मोटारी दुप्पट-तिप्पट केल्या. उरलेल्या पाचांत गस्त बंद केली. कोणी बोलावले तरच पोलीस जात. वर्षभराने हिशेब मांडला, तेव्हा तिन्ही ठिकाणच्या चोऱ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. उभ्या मोटारींतून होणाऱ्या चोऱ्यांचेही तेच. एवढेच काय, गस्त वाढली की बंद झाली, हे तेथील बहुतेक लोकांच्या लक्षातही आले नव्हते.

याचा अर्थ पोलीस नकोत असा मुळीच नाही. गस्तीची मोटार रस्त्यावरून जाते ती काही सेकंदांत. चोर पाठ फिरवून उभा राहतो आणि मोटार वळली की कामाला लागतो. पुढे मिनिआपोलिस या शहरात असे आढळले की पोलिसांना येणाऱ्या बोलावण्यांपैकी सुमारे निम्मी बोलावणी शहरातल्या शेकडा तीन जागांवरूनच येतात. मग सगळ्या शहरात भटकण्यापेक्षा त्या ठरावीक जागी पोलिसांनी जाऊन थांबावे, हे बरे नाही का? तेथे तसे करून पाहिले, तेव्हा फरक दिसला. एका जागी दहा-पंधरा मिनिटे थांबून पोलीस पुढे गेले, तर ते गेल्यावरही काही वेळ त्या जागी शांतता राहते. पोलीस पुन्हा केव्हा येतील, याचा चोराला अंदाज लागत नाही.

थांबणाऱ्या पोलिसाचा आणखी एक फायदा आहे. लोक त्याला ओळखू लागतात. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या होत्या. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. साधे शिपाई आणि मोहल्ल्यातील हिंदू-मुसलमान रहिवासी एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. काचा फोडणाऱ्या चोरापेक्षा ही गोष्ट फार मोठी आहे, पण ओळखीचे बळ दोन्हीकडे सारखेच.

चाचांच्या प्रश्नावर हवालदार रागावले नाहीत. ते म्हणाले, "गस्त होती, पण मागच्या रस्त्याला होती. आता मी पायी एक फेरी मारतो." त्या बीटमध्ये ते सहा वर्षे होते. त्यांनी टपरीवाल्याला विचारले, रिक्षा स्टँडवर विचारले. शेवटी कचरा वेचणाऱ्या एका बाईंना सांगून ठेवले, "मावशी, काळ्या बॅगेत पैसे नाहीत, कागद आहेत. चोर ती फेकणारच. दिसली तर मला सांगा."

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मावशी स्वतः ठाण्यात आल्या. नाल्याच्या कडेला त्यांना बॅग सापडली होती. चेन तुटलेली होती. शाळा सोडल्याचा दाखला भिजला होता, जातीचा दाखला मिळालाच नाही. गुणपत्रिका मात्र कोरडी होती.

तपासणीच्या दिवशी मुलगी फिर्यादीची प्रत आणि तो भिजलेला दाखला घेऊन रांगेत उभी राहिली. कारकुनाने दाखला उजेडात धरून दोनदा वाचला, मग तिच्याकडे पाहिले आणि जातीचा दाखला आणण्यासाठी तिला पंधरा दिवसांची मुदत लिहून दिली.

स्वाध्याय

१. चोराच्या दृष्टीने बॅगेतील कागद रद्दी का होते?
२. सामान डिकीत केव्हा ठेवावे? का?
३. कॅन्सस सिटीतील प्रयोगात काय आढळले?
४. पुढील शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा : गुन्हा, फिर्याद, जबाब, खातरजमा.
५. तुमच्या मोहल्ल्यात गाड्या कोठे उभ्या असतात ते पाहा. त्या जागी कोणाकोणाची नजर असते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.